दोरी घेण्याआधी

चि. ऋतुजा हिला,


तुझा निरोप मिळाला. ‘आत्या, सगळ्यात मजबूत नायलॉन सुतळी कोणती घेऊ?’ एवढी एक ओळ आणि खाली कामांची यादी: पंपघराची चिऱ्याची भिंत, कलमांच्या रोपांवर शेडनेटचा मांडव, पावसाळ्यापुरती ताडपत्री आणि विहिरीतल्या पंपाला आधाराचा दोर. फोनवर उत्तर दिलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं, आणि तू दुकानात जाऊन पुढ्यात येईल ते रीळ उचललं असतंस. म्हणून लिहायला बसले. माझी नोकरी सगळी बांधकामांवर गेली. दोरीचा विषय निघाला की मी थांबत नाही, हे तुझे बाबा तुला सांगतीलच.

एका दोरीने ही चारही कामं होणार नाहीत, हे आधी सांगून टाकते. गवंड्याला दोरीकडून सरळ रेघ हवी असते. बांबूच्या सांध्याला पकड हवी. ताडपत्रीला वाऱ्याचा हिसका सोसणारं काहीतरी हवं, आणि विहिरीत पाण्यात राहून न बिघडणारं. किती किलोला तुटते हा प्रश्न चारही ठिकाणी येतो, पण पहिला कुठेच येत नाही. मी पाहिलेल्या दोऱ्यांपैकी नुसत्या भाराने तुटलेल्या फार थोड्या. बाकीच्या सैल पडल्या, गाठीत सरकल्या, उन्हाने पिचल्या किंवा एखाद्या धारेवर घासून कापल्या गेल्या. तेव्हा ‘मजबूत’ हा शब्द दुकानात उच्चारूच नकोस. काम काय आहे ते सांग.

दुकानात आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे न कुजणाऱ्या, चकचकीत अशा कुठल्याही दोरीला नायलॉन म्हणतात. ती निळी-हिरवी, हाताला चरचरीत आणि जराशी मेणचट लागणारी दोरी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची किंवा एचडीपीईची असते. दुकानदार फसवतो असं मी म्हणणार नाही. त्याला माल देणारा व्यापारीही तेच नाव सांगतो. खरी नायलॉन दोरी बोटांना मऊ लागते, गाठ मारताना निसटते, आणि दोन हातांत धरून खेचलीस तर लांबून परत जागेवर येते. पण नुसत्या स्पर्शावर जाऊ नकोस. बोटभर तुकडा मागून घे आणि घरी पाण्यात टाक. नायलॉनची घनता १.१४ आहे, म्हणजे ते पाण्यापेक्षा जड, बुडतं. पॉलिप्रॉपिलीनची ०.९१ आणि एचडीपीईची साधारण ०.९५, ती दोन्ही तरंगतात. एक काळजी मात्र घे. तुकडा साबणाच्या पाण्यात बोटांनी चांगला चुरून मग सोड, कारण धाग्यांत हवा अडकली की नायलॉनही काही वेळ तरंगून दाखवतं.

बुडालेला तुकडा पॉलिएस्टरचाही असू शकतो. त्याची घनता १.३८ आहे. दोघांतला फरक ताणल्यावर कळतो, पॉलिएस्टर फारसं लांबत नाही. अंगणात, चिमट्यात धरून टोक पेटवूनही बघता येतं. पॉलिएस्टर काळा धूर सोडतं. पॉलिप्रॉपिलीनला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. नायलॉन आधी वितळून मागे सरतं आणि टोकाशी कडक गोळी धरतं. तो वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर कातडी घेऊन निघतो, म्हणून हे स्वयंपाकघरात करू नकोस आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नकोस.

हे सगळं कशाला, असं तुला वाटेल. एक तर दोऱ्या बऱ्याच ठिकाणी वजनावर मिळतात. एक किलो नायलॉनमध्ये जितकी लांबी येते त्यापेक्षा तेवढ्याच जाडीच्या एक किलो पॉलिप्रॉपिलीनमध्ये जवळजवळ सव्वापट येते, म्हणजे किलोचे भाव नुसते शेजारी ठेवून तुलना होत नाही. आणि दुसरं, या दोन वस्तूंचा स्वभाव वेगळा आहे. उन्हात साधं पॉलिप्रॉपिलीन लवकर पिचतं, हाताला भुसा लागायला लागतो. नायलॉन त्याहून बरं टिकतं, पण कायमचं नाही. पॉलिएस्टर या तिघांत उन्हाला सर्वांत चिवट.

आपल्या तिकडे कोकणात एक सोय आहे, जी पुण्याच्या माणसाला नाही. नायलॉन धागा हवा असेल तर हार्डवेअरवाल्याकडे जाण्याआधी बंदराची वाट धर. दाभोळ, हर्णै या बाजूला जाळ्यांचं सामान विकणारे असतात, त्यांना विचार. मासे अडकवायच्या जाळ्याला नायलॉनच लागतं, आणि तो धागा घेणारा खलाशी मालाचा जाणकार असतो. त्याच्यापुढे विकणाऱ्याची गडबड चालत नाही. तिथे रिळावर २१०/२/३ असे आकडे दिसतील. घाबरू नकोस. २१० हा मूळ धाग्याचा डेनियर, म्हणजे तसा ९,००० मीटर धागा २१० ग्रॅम भरतो. असे दोन एकत्र वळले, आणि त्या वळलेल्या तिघांचा पुन्हा पीळ घातला. एकूण सहा धागे, १,२६० डेनियर. चांगलं नायलॉन डेनियरला साधारण ७ ग्रॅम ओढ सोसतं, तेव्हा हा बारीक धागा आठ-नऊ किलोला तुटेल. रिळावर ताकद छापलेली नसली तरी हा हिशेब तुला कुठेही उभ्या उभ्या करता येईल. छापलेली असली तर तोच पडताळून बघ. काही रिळांवरचे आकडे फारच उदार असतात.

तुटण्याचा आकडा हा वापरायचा आकडा नव्हे, हे तू शिकली असशीलच. दोरीत गाठ पडली की तिथे धागे वाकतात, एका बाजूचे जास्त ताणले जातात, आणि साध्या गाठीने ताकद निम्म्याच्या आसपास येते. भिजलेलं नायलॉन आणखी दहा ते पंधरा टक्के हरवतं. त्यावर उन्हाची झीज, कडांची घासणी. म्हणून १०० किलोला तुटणाऱ्या दोरीवर १० किलोंचा भरवसा ठेवायचा. कंजूषपणा वाटतो, पण साइटवर जुनी माणसं याहून जास्त कधी धरत नाहीत.

हे नायलॉन मुळात आलं कुठून ते दोन ओळींत सांगते, कारण त्यातून त्याचा मुख्य गुण कळतो. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने १९३५ साली ते तयार केलं. तीन वर्षांनी जर्मनीत पाउल श्लॅकने जरा वेगळ्या वाटेने नायलॉन ६ बनवलं. सुरुवात झाली दाताच्या ब्रशाच्या केसांपासून आणि बायकांच्या पायमोज्यांपासून. मग दुसरं महायुद्ध आलं. जपानने फिलिपाइन्स घेतल्यावर मनिला दोराचा कच्चा माल बंद झाला, रेशीमही मिळेना, आणि नायलॉन पॅराशूटमध्ये नि ग्लायडर ओढायच्या दोरांत गेलं. ग्लायडरला विमान हिसका देऊन उचलतं. तिथे न ताणला जाणारा दोर तुटतो किंवा बांधलेली कडी उपटतो. नायलॉन लांबतं, हिसका पोटात घेतं आणि परत येतं. तुटेपर्यंत ते वीस-पंचवीस टक्के लांबू शकतं. हा ताण काही कामांत गुण आहे, काहींत सरळ दोष. तुझ्या यादीत दोन्ही प्रकार आहेत.

आपल्या वाडीत त्या काळी काथ्या होता, सुंभ होता, घाटावर अंबाडी आणि केकताडाचा वाख. पावसाळा आला की ते कुजायचं आणि दर वर्षी नवं वळावं लागायचं. माझ्या आजोबांच्या पिढीला नायलॉन मिळालं असतं तर त्यांनी ते डोक्यावर घेतलं असतं. पण काथ्याची एक गोष्ट नायलॉनला अजून जमलेली नाही, तिच्याकडे पुढे येते.

आधी पंपघर. गवंड्याच्या लाइनदोरीला मात्र नायलॉनच घे, आणि तिथे कुणाचं ऐकू नकोस. कारण तोच ताण. दोन टोकांना खेचून बांधलेली नायलॉन दोरी स्वतःहून खेचलेली राहते. खुंटी केसभर हलली तरी ती ते अंतर भरून काढते. सुती दोरा दवाने आखडतो, उन्हाने ढिला पडतो. पॉलिप्रॉपिलीन एकदा ताणलं की तसंच लोंबतं. शिवाय ओलं सिमेंट जबर अल्कली असतं. नायलॉनला अल्कलीचं काही वाटत नाही. पॉलिएस्टरला तीव्र अल्कली हळूहळू खाते, ताग आणि सूत कुजतात. महिनाभर मसाल्यात माखून निघालेली नायलॉन दोरी धुऊन पुन्हा रिळावर घेता येते.

जाडी किती? जितकी बारीक चालेल तितकी. नवशिके जाड दोरी घेतात, त्यांना ती भक्कम वाटते. पण लाइनदोरीवर भार नसतोच, तिचं स्वतःचं वजनच तिचा शत्रू. समज, मीटरला १ ग्रॅम वजनाची दोरी तू २ किलो जोराने खेचलीस. तुझ्या पंपघराच्या १२ फुटांच्या भिंतीवर ती मध्यभागी एक मिलिमीटरही झोळणार नाही. पण पुढे तू वाडीला गडगा घालणार आहेस म्हणालीस. तिथे तीच दोरी, तेवढीच ओढ, २० मीटरवर बरोबर मधोमध २५ मिलिमीटर खाली बसते. इंचभर! लांबी दुप्पट झाली की झोळ चौपट होतो. ओढ दुप्पट केली तर झोळ निम्मा, वजन निम्मं केलं तरी निम्मा. म्हणून बारीक दोरी, आणि सात-आठ मीटरवर एक आधार: पातळीत बसवलेला एखादा चिरा, त्यावर दोरी टेकवायची आणि दुसऱ्या दगडाने हलकी धरून ठेवायची. लांब गडगे मधे खोलगट झालेले तू गावात पाहिले असशील. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गवंड्याची चूक नसते, दोरीला मधे टेकू देणारं कुणी नसतं.

लाइनआउटच्या, म्हणजे पाया आखायच्या, दिवशी तू स्वतः तिथे उभी राहा. कोपऱ्यांच्या बाहेर, खोदाईच्या हद्दीपासून हात-दीड हात लांब, बुर्ज्या किंवा निदान भक्कम खुंट्या हव्यात. नाहीतर पाया खणताना खुंट्याच उखडतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे अंदाजाने कामाला लागतात. कोपरा गुण्यात आहे का ते बघायला ३-४-५ ची रीत: एका दोरीवर ३ फुटांची खूण, दुसरीवर ४ फुटांची, दोन खुणांमधलं अंतर ५ भरलं की काटकोन. जागा असेल तर ६-८-१० घे, चूक लहान होते. मग कर्ण मोज. तुझं पंपघर ९ बाय १२ आहे, म्हणजे दोन्ही कर्ण बरोबर १५ फूट यायला हवेत. पण हे मोजताना दोरी वापरायची नाही! गाठी मारलेल्या नायलॉन दोरीने अंतर मोजणारे लोक आहेत आणि त्यांच्या खोल्या वाकड्या असतात. हात जरा जोरात खेचला की १५ फुटांत दोन-तीन इंच सहज वाढतात. दोरी दिशा दाखवायला, मापाला पोलादी टेप. चुन्याची फक्की मारून झाली की दोऱ्या उतरवून ठेव, गुरांच्या पायात येऊ देऊ नकोस.

रंगाचंही बघ. जांभा तांबडा. त्याच्यावर नारिंगी किंवा गुलाबी दोरी संध्याकाळी दिसत नाही. पिवळी फ्लुरोसंट किंवा पांढरी घे.

चिरे रचायला लागले की एका गोष्टीवर नजर ठेव. चिरा दोरीला टेकता कामा नये, दोरी आणि चिऱ्याच्या मधे उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे. एक चिरा दोरीला ढकलतो, पुढचा त्या ढकललेल्या दोरीला धरून बसतो, आणि चार थरांनंतर भिंतीला पोट येतं. चांगला गवंडी हे न सांगता करतो. दुसऱ्या प्रतीचा गवंडी तू बघत असशील तोवर करतो. सकाळी काम सुरू होण्याआधी दोरी पुन्हा खेचून घ्यायला सांग. नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि रात्रीच्या दवाने जरासं सैल पडतं. कोकणात तर पडतंच.

दोरी पिळाची घ्यायची की विणलेली? लाइनदोरीला दोन्ही चालतात. ओळंब्याला मात्र विणलेलीच हवी. पिळाच्या दोरीला ओळंबा लटकवलास की पीळ उलगडत जातो, ओळंबा गरगरत राहतो आणि गवंडी कंटाळून अंदाजाने ‘ठीक आहे’ म्हणतो. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही म्हणतात ना, नायलॉनचा मामला उलटा: कापलं की पीळ आपला आपण सुटायला लागतो. प्रत्येक कापलेलं टोक मेणबत्तीवर क्षणभर धरून वितळवून घे. वितळलेलं असताना बोटांनी वळू नकोस, ओल्या फडक्याने दाब.

आता मांडव. काथ्याची राहिलेली गोष्ट इथे येते. बांबू नवा असला की ओला असतो. वाळताना तो आकसतो आणि बांधलेला सांधा आपोआप ढिला होतो. काथ्या खरखरीत, बांबूच्या गुळगुळीत अंगाला धरून राहतो. नायलॉन गुळगुळीत, त्यात ताणलं जाणारं, म्हणजे बांबूवर दोन्ही बाजूंनी वाईट. आपल्याकडे परांच्या बांधणारे बांबूला काथ्या वापरत आले ते उगीच नव्हे. तू मुख्य सांध्यांना जस्ताची तार किंवा नट-बोल्ट वापर. बोल्टसाठी भोक पेराच्या गाठीजवळ पाडायचं, मधल्या पोकळ भागात बांबू चिरतो. नायलॉनने बांधायचंच असेल तर वाळलेला बांबू घे, फुलीवर तीन-चार वेढे दे, आणि मग दोन बांबूंच्या मधून आडवे दोन-तीन वेढे घालून ते पहिले वेढे करकचून आवळ. हे मधले आवळवेढेच सांधा धरतात. लोक तेच विसरतात आणि बाहेरून दहा वेढे घालून समाधान मानतात. साधी निरगाठ नायलॉनमध्ये सरकते. तिच्यावर आणखी एक गाठ, आणि पुढे चार बोटं शेपूट ठेव. सुरगाठ फक्त जिथे रोज सोडायचं असेल तिथेच.

शेडनेट बांबूला बांधताना बारीक सुतळीने भोकाभोकातून शिवत बसू नकोस. वाऱ्याने नेट हलतं आणि बारीक दोरी त्याचे धागे एकेक करून कापते. काठाला दुमड देऊन आतून जरा जाड दोरी ओवायची आणि ती दोरी बांबूला बांधायची. या कामाला काळी, उन्हासाठी प्रक्रिया केलेली दोरी घे, काळ्या रंगातला कार्बन ऊन अडवतो. तरीही दर वर्षी पावसाळ्याआधी वरच्या बाजूच्या गाठी नखाने खरवडून बघ. केस उभे राहिले, रंग उडाला, कडक झाली, तर बदलून टाक. एवढ्या दोरीची किंमत ती काय, नेट फाटल्यावर तिच्या दसपट जाते.

ताडपत्रीवर थोडा हिशेब करायला लावते, तुला आकडे आवडतात. वाऱ्याचा दाब काढायला आपल्याकडच्या मानकात वेगाचा वर्ग गुणिले ०.६ असं सूत्र आहे. वेग सेकंदाला मीटरमध्ये, उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. दाब आला साधारण ४६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ४७ किलो. १० बाय १० फुटांची ताडपत्री वाऱ्याला आडवी सापडली तर तिच्यावर चारशे किलोंच्या वर जोर! आठ ठिकाणी बांधली असेल तर दर गाठीवर ५० किलोंहून जास्त, आणि तेही सगळ्या गाठी सारख्या ओढल्या गेल्या तर. प्रत्यक्षात एक कोपरा आधी उचलतो आणि सगळं त्याच्यावर येतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी १०० च्या पुढे होता. त्यानंतर रायगड-रत्नागिरीत घराघरांवर ताडपत्र्या चढल्या. त्या पावसाळ्यात टिकल्या त्या बहुतेक घट्ट विणलेल्या जाड दोरीमुळे नव्हे, तर कडेला माणसाने दुमडून, खाली काठी घालून बांधल्या म्हणून. कडीतून नुसती सुतळी ओवलेल्या ताडपत्रीची कडीच फाटून येते, दोरी शाबूत राहते.

इथे नायलॉनचा ताण तुझ्या बाजूने आहे: वाऱ्याचा हिसका दोरी खाते, कडीपर्यंत कमी पोहोचतो. चार-पाच मिलिमीटरची विणलेली नायलॉन घे. ट्रेकला जाणारी तुझी मित्रमंडळी पॅराकॉर्ड म्हणून मिरवतात तीही चालेल. खरी असेल तर ती ५५० पौंडांची, म्हणजे सुमारे २५० किलोंची असते. मूळ पॅराशूटचीच दोरी. बाजारात त्या नावाने पॉलिएस्टरही खपतं, त्यानेही बिघडत नाही. भिजली की नायलॉन सैल पडते, म्हणून पहिल्या सरीनंतर एकदा खेचून घे. आणि वादळाचा इशारा आला तर ताडपत्री उतरवून घडी घालून ठेव. तिथे कुठल्याच दोरीची परीक्षा बघायची नाही.

विहिरीच्या पंपाला नायलॉन नको. कायम पाण्यात, कायम भार, म्हणजे ती भिजलेली आणि लांबतच राहणार. पंपाचं वजन पाइपाने आणि क्लॅम्पने पेलायचं. दोर फक्त तो निसटला तर वर काढायला. त्यासाठी पॉलिएस्टर मिळालं तर उत्तम, नाहीतर ८-१० मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीन. पाण्यात त्याला काही होत नाही. विहिरीच्या काठावरून जातो तो उन्हातला हातभर भाग मात्र आधी मरतो. तिथे जुन्या पाइपाचा तुकडा चढवून ठेव. घासणं आणि ऊन दोन्ही वाचतं.

आता रागावून सांगायच्या गोष्टी. परांचीला, माडावर चढायला, माणसाला विहिरीत सोडायला यांतली एकही दोरी वापरू देणार नाहीस, असं मला कळव. गडी म्हणेल, ‘काय नाय होत ताई.’ तू ठाम राहा. माणसाच्या वजनाला चढाईचा प्रमाणित दोर आणि पट्टा लागतो, बाकी कशाचाही उपयोग नाही. दुसरं, जीप चिखलात रुतली म्हणून नायलॉनने ओढायला लागतील तेव्हा दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. ताणलेलं नायलॉन तुटतं तेव्हा इतक्या वेगाने परत येतं की डोळा जातो. तिसरं, नायलॉनवर नायलॉन धावू द्यायचं नाही. एक दोरी एका जागी थांबलेली असते आणि दुसरी तिच्यावरून सरसर जाते तेव्हा घर्षणाने थांबलेली दोरी वितळून कापली जाते; नायलॉन ६ साधारण २२० अंशांवर वितळतं आणि एवढी उष्णता तिथे काही क्षणांत होते. सह्याद्रीत चढाई करणाऱ्या कुणालाही विचार.

आणि पंपघरात बॅटरीशेजारी किंवा फरशी धुवायच्या ॲसिडच्या कॅनशेजारी दोऱ्यांची गुंडाळी ठेवू नकोस. अल्कली सोसणारं नायलॉन ॲसिडपुढे हात टेकतं, आणि बाहेरून काही दिसत नाही.

शेवटचं काम तुला कंटाळवाणं वाटेल. कापलेले तुकडे. काथ्याचा तुकडा मातीत पडला तर दोन पावसाळ्यांत माती होतो. नायलॉनचा तुकडा तू म्हातारी होईपर्यंत तिथेच असेल. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली ती पतंगाच्या दिवसांत पक्षी आणि माणसं कापली जात होती म्हणून. आपल्या आंब्यावर लटकणाऱ्या बांधकामाच्या सुतळीला काचेची धार नसली तरी ती भारद्वाजाच्या पायात तितकीच घट्ट बसते, आणि गाय गवताबरोबर जे गिळते ते तिच्या पोटातून बाहेर येत नाही. तेव्हा गवंडी गेल्यावर, मांडव उभा राहिल्यावर, दिवेलागणीच्या आत बादली घेऊन वाडीत एक फेरी मार आणि वीतभर असो की बोटभर, दिसेल तो प्रत्येक तुकडा उचल. गड्यांना सांगून सोडून देऊ नकोस, ते काम स्वतः कर.

वहिनीला नमस्कार सांग. बाबांची गुडघेदुखी कशी आहे ते कळव.

तुझी,
आत्या